विडेलियाचा कांदा गोड का, आणि विडेलियाचाच का

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, टूम्ब्स काउंटीत, दहा-अकरा हजार वस्तीचं विडेलिया हे गाव आहे. इथला चपटा पिवळा कांदा लोक कच्चाच आवडीने खातात. तो गोड लागतो, पण साखर जास्त असते म्हणून नव्हे. कांद्याचा झणका गंधकाच्या संयुगांमुळे येतो. इथल्या रेताड जमिनीत गंधक मुळात कमी आणि जे असतं तेही पावसाबरोबर खाली झिरपतं. झणका उतरला की आतली साखर जिभेला कळते.

१९३१ साली मोझ कोलमन या शेतकऱ्याचे कांदे तिखट निघालेच नाहीत. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. मग ५० पौंडांची, म्हणजे जवळपास २३ किलोंची गोणी साडेतीन डॉलरला जाऊ लागली. मंदीच्या दिवसांत हा भाव मोठाच होता. १९४० च्या दशकात राज्य सरकारने हमरस्ते मिळतात तिथे, विडेलियात, शेतमालाचा बाजार बांधला. येणारे-जाणारे प्रवासी कांदा नेऊ लागले आणि बाजाराचं नाव मालाला चिकटलं. आपल्याकडे लासलगावचं तेच झालं.

नाव झालं तशी भेसळही आली. बाहेरचा कांदा विडेलियाच्या गोण्यांत भरून विकला जाऊ लागला. म्हणून १९८६ साली राज्याने कायदा केला: ठरवून दिलेल्या २० काउंट्यांत पिकलेलाच कांदा या नावाने विकायचा. १९८९ मध्ये त्याला केंद्राच्या आदेशाची जोड मिळाली. हे झालं नसतं, तर हे नाव केव्हाच कुठल्याही गोड कांद्याला लागलं असतं.

बी सप्टेंबरात वाफ्यात टाकतात, रोपं नोव्हेंबर-डिसेंबरात हाताने लावतात. थंडीत हवामान उलटसुलट झालं की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. एप्रिलच्या मध्यापासून काढणी सुरू होते. मुळं खालून कापून कांदा काही दिवस शेतातच सुकवतात, मग कात्रीने पात आणि मुळं छाटतात. या कांद्यात पाणी इतकं असतं की थोडासा आपटला तरी डाग पडतो आणि तिथूनच सड लागते. मान, म्हणजे पातीकडचं टोक, ओली असताना भरलेला मालही असाच जातो. भाव चढा असताना घाई करण्याचा मोह होतो. त्याला आळा म्हणून विक्री सुरू करण्याची तारीख दरवर्षी राज्याचे कृषी आयुक्त ठरवतात.

१९९० च्या सुमारास सफरचंदांची साठवणपद्धत इथे आली. बंद खोलीत तापमान १ अंशाच्या आसपास, ऑक्सिजन ३ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ५ टक्के ठेवतात. त्यामुळे काही आठवड्यांचा हंगाम कित्येक महिने लांबला.

जायचं तर एप्रिलअखेर ते मेअखेर जावं. जॉर्जियातल्याच सव्हाना शहरातून गाडीने साधारण दीड तास लागतो. १९७७ पासूनचा कांदा महोत्सव एप्रिलात भरतो, गावात कांद्याचं संग्रहालयही आहे. घेताना मान चिमटीत दाबून पाहावी; कोरडी, घट्ट हवी. घरी प्रत्येक कांदा कागदात वेगळा गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. तिकडच्या घरांतून जुन्या लांब मोज्यात एकेक कांदा घालून मध्ये गाठ मारतात आणि मोजा हवेशीर जागी टांगतात. लागेल तेव्हा गाठीखाली कात्री लावायची.