दुर्बीण तोंडातूनच जाते: श्वासनलिकेतले जीवाणू आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान

फुप्फुसाचा कर्करोग उशिरा सापडतो, ही तक्रार जुनीच आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मेयो क्लिनिक, जॉन्स हॉपकिन्स आणि मेमोरियल स्लोन केटरिंग या तीन ठिकाणी सिगारेट ओढणाऱ्यांचा बेडका ठरावीक काळाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहिला. काही गाठी लवकर सापडल्या, पण मृत्यू कमी झाले नाहीत. पुढे कमी मात्रेचा सीटी स्कॅन आला. ५३,४५४ लोकांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल २०११ मध्ये लागला. साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. त्याच चाचणीतला दुसरा आकडा मात्र कमी सांगितला जातो: तीन वर्षांच्या फेऱ्यांत २४ टक्के स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं आणि त्यातल्या ९६ टक्क्यांहून अधिक वेळा तो कर्करोग नव्हता. गाठ दिसते, पण ती कसली हे स्कॅन सांगत नाही. श्वासनलिकेतले जीवाणू ते सांगतील का, हा विषय शिरला तो या फटीतून.

तोवर पाठ्यपुस्तकांत निरोगी फुप्फुस निर्जंतुक असतं असंच छापलेलं असे. कारण साधं होतं. नमुना जीवाणूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर वाढत ठेवायचा आणि काही उगवलं नाही तर ‘नो ग्रोथ’ लिहायचं. व्हेलोनेला, प्रेव्होटेला हे तोंडातले जीवाणू प्राणवायूत वाढतच नाहीत, मग नेहमीच्या प्लेटवर ते दिसणार कसे? कार्ल वोस यांनी १९७७ मध्ये जीवाणूंचं वर्गीकरण प्रत्येक जीवाणूत असणाऱ्या ज्या १६एस आरएनए या रेणूवर उभं केलं, त्याच्या जनुकाचा क्रम वाचणं स्वस्त झालं तेव्हा हे चित्र पालटलं. तरीही माणसाच्या शरीरातल्या जीवाणूंची नोंद करायला २००७ मध्ये सुरू झालेल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रकल्पाच्या सुरुवातीच्या यादीत फुप्फुस नव्हतं. २०१० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाने दम्याच्या आणि निरोगी लोकांच्या श्वासनलिकांतले नमुने वाचले. दर चौरस सेंटिमीटरला सरासरी २,००० जीवाणूंचे जीनोम (जनुकसंच) निघाले.

आतड्याशी तुलना केली तर हे नगण्य आहे, आणि पुढची सगळी अडचण या कमी संख्येतूनच आली. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी निरोगी लोकांच्या घशापासून खालपर्यंतचे नमुने ताडून पाहिले. खाली तेच जीवाणू होते, फक्त शंभर ते दहा हजार पटींनी कमी. यात नवल नाही. झोपेत लाळ खाली झिरपते, हे १९७८ मध्येच किरणोत्सारी खूण वापरून दाखवलं गेलं होतं. निरोगी माणसांपैकी ४५ टक्क्यांत ते घडलेलं दिसलं.

पण नमुना घेणारी दुर्बीण, म्हणजे श्वासनलिकेत घालायची बारीक लवचीक नळी (ब्रॉन्कोस्कोप), हीही त्याच वाटेने आत जाते. म्हणून कोणताही अभ्यास वाचताना आधी नमुना कसा घेतला ते बघावं. दुर्बीण आत घालण्यापूर्वी तिच्या नळीतून निर्जंतुक सलाइन सोडून ते वेगळं राखून ठेवायचं. दुर्बिणीतच किती डीएनए होता, ते त्यावरून कळतं. स्वरतंतू ओलांडेपर्यंत सक्शनचं बटण दाबायचं नाही, नाहीतर घशातली लाळ नळीत बसते आणि नंतर सलाइनबरोबर फुप्फुसात उतरते. मग दुर्बिणीचं टोक एका छोट्या फांदीत घट्ट बसवून १०० ते ३०० मिली सलाइन ३ ते ५ हप्त्यांत सोडायचं आणि परत ओढायचं. निदान ३० टक्के तरी परत यायला हवं. त्यात मूळचा द्रव किती आणि सलाइन किती हे नेमकं कळत नाही, त्यामुळे ‘एका मिलीत इतके जीवाणू’ हा आकडा दोन रुग्णांमध्ये ताडायला कच्चाच ठरतो. दुसरी पद्धत ब्रशची. दुहेरी आवरणाचा, टोकाला विरघळणारं बूच असलेला ब्रश १९७९ मध्ये न्यूमोनियासाठी आला. त्यात लाळ शिरत नाही, पण त्यावर जेमतेम ०.००१ ते ०.०१ मिली स्राव येतो.

इतक्या कमी मालात प्रयोगशाळेचाच कचरा उठून दिसतो. डीएनए काढण्याच्या किटमध्येच जीवाणूंचा डीएनए असतो आणि नमुना जितका विरळ तितका त्याचा वाटा वाढतो, हे २०१४ मध्ये साल्मोनेलाचं शुद्ध द्रावण टप्प्याटप्प्याने पातळ करून दाखवलं गेलं. अहवालात राल्स्टोनिया किंवा ब्रॅडीरायझोबियम हे पाण्या-मातीतले जीवाणू ठळक दिसले, तर आधी किटवर संशय घ्यावा.

कर्करोगाचे अभ्यास या पार्श्वभूमीवर आले. चीनमधल्या शुआनवेईत घरात खूप धूर करणारा कोळसा जाळतात आणि सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो. तिथल्या ८ रुग्ण आणि ८ निरोगी बायकांच्या बेडक्याचा अभ्यास २०१४ मध्ये आला. रुग्णांत ग्रॅन्युलिकॅटेला आणि स्ट्रेप्टोकॉकस जास्त निघाले. २०१६ मध्ये कोरियात २८ जणांच्या फुप्फुसात सोडून परत ओढलेल्या सलाइनमध्ये व्हेलोनेला आणि मेगास्फेरा दिसले. इतक्या लहान गटांवरून चाचणी बनत नाही. खरी मजल मारली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने. गाठीच्या संशयावरून दुर्बीण केलेल्यांचे ब्रशचे नमुने त्यांनी २०१८ मध्ये तपासले: कर्करोग निघालेल्यांत स्ट्रेप्टोकॉकस आणि व्हेलोनेला जास्त होते आणि अस्तरातल्या पेशींत पीआय३के हा पेशींना वाढायचा संदेश देणारा मार्ग जास्त सक्रिय होता. २०१९ मध्ये एमआयटीत जीवाणूरहित किंवा अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांत गाठी कमी वाढल्या.

न्यूयॉर्कच्याच गटाचा २०२१चा अभ्यास या विषयात सर्वांत जास्त उद्धृत होतो आणि बहुधा चुकीच्या कारणासाठी. उपचार सुरू न झालेल्या ८३ रुग्णांत तोंडातले जीवाणू स्टेज ३बी-४ मध्ये, म्हणजे पसरलेल्या आजारात, जास्त सापडले, आणि जिथे ते जास्त तिथे आयुष्य कमी. उंदरांच्या फुप्फुसात व्हेलोनेला पार्व्ह्युला सोडल्यावर आयएल-१७ हे दाह वाढवणारं प्रथिन वाढलं आणि गाठीही वाढल्या. हा पुरावा लवकर निदानाचा नाही, आजार पुढे कसा सरकतो याचा आहे. लवकर निदानासाठी हवी ती खूण पहिल्या स्टेजला उमटायला हवी आणि साध्या गाठीत दिसायला नको. शिवाय गाठीने नळी दाबली की पलीकडे स्राव साचतो आणि जीवाणू आपोआप वाढतात. तिथे ते कारण की परिणाम, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. सिगारेट आणि हिरड्यांचे आजार तर तोंडातली वस्तीच बदलतात, म्हणून तुलनेचा गटही तसाच घ्यावा लागतो.

रक्तातल्या जीवाणूंच्या डीएनएवरून कर्करोग ओळखण्याचा २०२०चा गाजलेला शोधनिबंध २०२४ मध्ये मागे घेतला गेला. माणसाचा डीएनए जीवाणूंचा म्हणून मोजला गेला होता, हा त्यातला एक मोठा दोष. तेव्हापासून या क्षेत्रात रिकाम्या नमुन्यांचा (रुग्णाचा स्राव न घालता तपासलेल्या सलाइन-किटचा) हिशेब कडकपणे मागितला जातो, आणि ते बरंच झालं.

भारतात आणखी एक गुंता आहे. टीबीच्या जुन्या डागांमुळे इथे स्कॅनवर संशयास्पद जास्त दिसतं आणि कर्करोगाचे अनेक रुग्ण आधी टीबीची औषधं घेऊन मग दुर्बिणीपर्यंत पोचतात. त्यातलं रिफाम्पिसिन फक्त टीबीच्या जंतूवर चालत नाही, इतर अनेक जीवाणूंनाही मारतं. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या रुग्णांवरून ठरवलेली जीवाणूंची पातळी मुंबईतल्या नमुन्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. नमुन्याच्या बाटलीबरोबर कोणती अँटिबायोटिक्स कधी सुरू केली आणि कधी थांबवली याची नोंद जायला हवी.