माळवद

माळवद : लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर चोपून केलेले घराचे सपाट छप्पर. मराठवाडा, सोलापूर आणि लगतच्या कोरड्या पट्ट्यात 'माळवद', तर खानदेश-वऱ्हाडात 'धाबे' हा शब्द रूढ आहे. वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ८०० मिमी. असलेल्या दख्खनच्या पर्जन्यछायेत हा प्रकार टिकला. कोकणच्या पावसात तो टिकणे शक्य नाही.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. काही अभ्यासक 'माळा' या शब्दामार्फत त्याचा संबंध संस्कृत 'मालिका'शी जोडतात, तर काही कन्नड 'माळिगे'कडे बोट दाखवतात. उत्तर कर्नाटकात आजही मातीच्या सपाट छपराच्या घराला 'माळिगे मने' म्हणतात आणि 'माळवद' शब्दाचा मुख्य प्रदेश कन्नड सीमेला लागून आहे. हे पाहता दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. मात्र द्राविडी शब्दच मुळात संस्कृतातून आला की उलट, हा वाद त्यामुळे मिटत नाही.

प्राचीनतेबाबतही सावधपणे बोलावे लागते. तेर, नेवासे येथील सातवाहनकालीन थरांत छिद्रे असलेली भाजकी कौले सापडली आहेत. तेव्हा निदान काही घरे तरी उतरत्या छपराची होती. मातीचे छप्पर कोसळले की मातीतच मिसळते आणि उत्खननात वेगळे ओळखणे कठीण जाते. म्हणून कौलांच्या पुराव्यावरून माळवद उत्तरकालीन ठरवणे घाईचे होईल. १८८० च्या दशकातील जिल्हा गॅझेटियरांत मात्र ते सर्वसामान्य घराचे छप्पर म्हणून येते.

बांधणीत खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (आडवी बारीक लाकडे) आणि कड्यांवर लाकडाच्या लहान फळ्यांची किलचण येते. त्यावर कडुनिंबाचा किंवा पळसाचा पाला अथवा तुराट्या, मग चिखलाचा थर आणि शेवटी पांढरी माती. धुरासाठी व उजेडासाठी साणे (छपरातील झरोके) आणि पाण्यासाठी पन्हळ ठेवतात.

सारी मदार या वरच्या मातीवर असते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते; म्हणून ती वर चालत नाही. वापरतात ती 'पांढरी', म्हणजे गावठाणाच्या जुन्या वस्तीची राखमिश्रित, खारवट माती. तिला खारी असेही म्हणतात. (शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणण्याची जुनी रीत येथे शब्दशः लागू पडते.) तिच्या पाणी अडवण्याच्या गुणाची दोन कारणे दिली जातात. पहिले चुन्याच्या अंशामुळे ती घट्ट होते हे. दुसरे सोडियमयुक्त क्षारांमुळे चिकणमातीचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात हे. चुन्यातील कॅल्शियममुळे कण उलट गोळा होतात व मातीतून पाणी झिरपणे सुलभ होते. त्यामुळे दुसरे कारण मृदाविज्ञानाशी अधिक जुळते. क्षारांमुळे गवतही कमी उगवते. मात्र या मातीसाठी जुन्या पांढरीची टेकाडे पिढ्यान्‌पिढ्या खणली गेली, आणि त्यांत पुरातत्त्वाचे न भरून येणारे नुकसान झाले.

दुरुस्ती वैशाख-ज्येष्ठात, मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी करतात. गवत मुळासकट उपटणे, उंदरांची बिळे व भेगा बुजवणे, पन्हळ मोकळी करणे आणि चाळलेली पांढरी पसरून, शिंपडून चोपणे, असा क्रम असतो. उतार पन्हळीकडेच राहिला पाहिजे. पाणी साचले की गळती ठरलेली. भर पावसात गळू लागल्यास वर जाऊन तेवढी जागा पायाने दाबतात.

या दक्षतेतच एक गंभीर दोष दडलेला होता. दरवर्षी नवी माती चढे, जुनी क्वचितच उतरवली जाई. चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० ते १,८०० किलो धरले, तर ३० सेंमी. जाडीच्या थराचा भार दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो होतो, ६० सेंमी.ला एक टन. भिजल्यावर त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा झोपेत असलेल्या माणसांवर हाच भार आणि दगडी भिंती कोसळल्या. मृतांचा आकडा सुमारे ८,००० दिला जातो. काही अंदाज त्याहून मोठे आहेत. केवळ माळवदाला दोष देणे मात्र योग्य नाही. दगड-मातीच्या दोन पदरी भिंतींत जोडदगड (दोन्ही पदर आरपार सांधणारे लांब दगड) नव्हते, म्हणून त्या मधून फुटल्या. जेथे छपराचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

त्यानंतरच्या मजबुतीकरणात मातीची जाडी कमी करणे, थरात प्लास्टिकचा कागद घालणे, खांब-तुळयांना तिरपे आधार देणे आणि भिंतींत जोडदगड बसवणे हे उपाय सुचवले गेले. राहत्या माळवदावर नवी पांढरी टाकण्याआधी तेवढीच जुनी खरवडून उतरवावी आणि किलचणीला वाळवी लागली आहे का ते खालून तपासावे.

वाड्यांवरील चुन्याची गच्ची आणि सिमेंटच्या स्लॅबवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा हे वेगळे प्रकार होत. त्यांतही उतार व पन्हळ हीच मुख्य काळजी असते. कोब्याच्या कडेला, भिंत व गच्ची मिळतात तेथे, गोलाई देतात, कारण पाणी बहुधा त्याच सांध्यातून उतरते.