रोज मासे खाऊनही उपाशी

दिवाळे कोळीवाड्यात पाव किलो करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घेतली आणि सोलून नको म्हटलं, तेव्हा मावशींनी विचारलं, "भाऊ, कालवण की सुकं?"

"घरच्या माशांना हवीय, मावशी."

त्या शेजारणीकडे बघून हसल्या. "घ्या! आमचं म्हावरं आता म्हावऱ्यालाच!"

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशाला कुठलाही मासा चालतो, असं मीही धरून चाललो होतो. सीवूड्समधल्या एका मित्राच्या लायनफिशने तो समज मोडला. लायनफिश जिवंत भक्ष्यावर झडप घालतो, म्हणून मित्र त्याला दुकानातले छोटे गोल्डफिश आणून घालायचा. काही महिने मजेत गेले. मग झडप चुकायला लागली. गोल्डफिश इकडे, तोंड मिटायचं बोटभर पलीकडे. पुढे तो तिरका पोहू लागला आणि शेवटी त्याने खाणंच सोडलं. पाणी तपासलं, तर त्यात काही खोट नाही.

कोडं जुनंच आहे. १९३२ साली अमेरिकेत, मिनेसोटामधल्या चॅस्टेक यांच्या फार्मवर कातड्यासाठी पाळलेले कोल्हे लुळे पडून मरू लागले. त्यांच्या खाण्यात कच्चा कार्प मासा होता. असा मासा शिजवून दिला तर हा त्रास होत नाही, हे पुढे कळलं. कार्पच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, मोडतोड करतं. ब-१ नसेल तर पेशींना साखरेतून ऊर्जा नीट काढता येत नाही, आणि पहिला फटका मेंदूला नि मज्जातंतूंना बसतो. पॉलिशच्या तांदळावरच जगणाऱ्या माणसांना होणारा बेरीबेरी हा याच कमतरतेचा आजार. आणि गोल्डफिश? तो कार्पचाच भाऊबंद.

समुद्रातलं आणलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तारली आणि मांदेली ज्या कुळांतल्या, त्या कुळांतल्या कित्येक माशांत हे विकर आहे. काही शिंपल्यांतही आहे. फ्रीझरमध्ये ते मरत नाही, तिथेही सावकाश आपलं काम करत राहतं. त्याला मोडते ती उष्णता. म्हणून मी एकच प्रकार सलग घालत नाही, आणि अधूनमधून खाण्यावर जीवनसत्त्वाचे थेंब टाकतो.

दुसरी गोष्ट चरबीची. समुद्री माशांना लागणारी ईपीए आणि डीएचए ही मेदाम्लं मुळात सूक्ष्म शैवालात तयार होतात आणि एकाने दुसऱ्याला खात वर चढतात. बहुतेक समुद्री मांसाहारी माशांना ती स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत. बकऱ्याच्या मटणाचे तुकडे घालणारेही मला भेटलेत. रात्रीच्या रश्श्यावर सकाळी पांढरा थर धरतो ना, तीच चरबी २५-२६ अंशांच्या पाण्यात राहणाऱ्या माशाच्या पोटात जाते. त्याला ती पचायला जड, आणि यकृतात साठते ती वेगळी.

प्रवाळांची टाकी असेल तर सोललेल्या गोठवलेल्या कोळंबीच्या पाकिटाची मागची बाजू वाचावी. बारीक अक्षरांत ४५१ किंवा ४५२ हा आकडा दिसला, तर ते फॉस्फेट. कोळंबीने पाणी धरून ठेवावं, वजन भरावं, म्हणून ते घालतात. आपल्या पोटाला त्याचं फारसं काही वाटत नाही. टाकीत मात्र ते विरघळतं, शेवाळ माजतं आणि प्रवाळाच्या चुनखडीच्या सांगाड्याची वाढ अडते. फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या, खाली राहावं म्हणून लोक महागडी फिल्टर-सामग्री घेतात आणि वरून हीच कोळंबी घालतात! त्यापेक्षा मावशींकडची करंदी बरी. तीही गोड्या पाण्यात धुऊन, धुवण सिंकमध्ये ओतून.

आणि सगळेच काही मासेखाऊ नसतात. माझा पिवळा सर्जनफिश शाकाहाराकडे झुकलेला. त्याला सुशीची नोरी लागते, साधी. तेल-मसाला लावून भाजलेली नाही. पहिले दोन दिवस त्याने चिमट्यातल्या त्या काळ्या कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसहून आलो तर चिमटा रिकामा होता, आणि हे साहेब काचेला नाक लावून.