शँक आणि टोचा फटका: चेंडू उजवीकडे गेला म्हणजे दुखणे एकच असे नाही

गोल्फमध्ये ग्रीनजवळच्या (ज्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू घालवायचा खळगा असतो, तिच्या आसपासच्या) छोट्या फटक्यांत चेंडू सारखा उजवीकडे जाऊ लागला की खेळणारा ‘शँक लागली’ असे जाहीर करतो आणि चेंडूपासून दूर सरकून उभा राहतो. (डावखुऱ्यांनी दिशा उलटी समजावी.) पण टोच्या फटक्यानेही चेंडू उजवीकडे जातो. टोचा फटका, म्हणजे क्लबच्या (चेंडू मारायच्या काठीच्या) डोक्याच्या बाहेरच्या टोकाला लागलेला चेंडू, बहुतेकांच्या परिचयाचा असतो: क्लब हातात वळल्यासारखा वाटतो, आवाज बोदा येतो आणि चेंडू आखूड पडतो.

शँकमध्ये मात्र चेंडू क्लबच्या सपाट भागाला नीट लागतच नाही. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, जिथे क्लबच्या डोक्यात शिरतो त्या गोल होझेलला तो लागतो आणि त्या गोलाईवरून निसटून खालून, तिरका सुटतो. ‘फेस उघडा राहिला’, म्हणजे क्लबचा सपाट भाग उजवीकडे वळलेला राहिला, हे त्याचे ठरावीक स्पष्टीकरण ऐकून मी कंटाळलो आहे. फेस थोडा उघडा राहिल्याने चेंडू इतका आडवा जात नाही. खरे कारण असे की, चेंडूपर्यंत येताना क्लबचे डोके सुरुवातीला जिथे टेकवले होते त्यापेक्षा खेळणाऱ्यापासून लांब गेलेले असते, आणि हे बहुधा खाली येताना शरीराचा भार चवड्यांवर गेल्याने किंवा हात अंगापासून सुटल्याने घडते. टोच्या फटक्यात नेमके उलट होते: भार टाचांवर जातो, हात आखडतात आणि क्लब आत ओढला जातो. म्हणूनच शँक लागणारा माणूस दूर उभा राहिला, तर चेंडू गाठण्यासाठी तो आणखी पुढे झुकतो, चवड्यांवर येतो आणि दुखणे वाढवून बसतो.

नेमके काय होते आहे हे अंदाजाने ठरवू नये. सरावाच्या वेळी चेंडूवर मार्करने ठसठशीत ठिपका काढून तो क्लबच्या बाजूला करावा आणि फटक्यानंतर शाई कुठे उमटली ते पाहावे. टोकाकडे उमटली तर चेंडूच्या थोडे जवळ उभे राहून हात मोकळे सोडावेत. होझेलजवळ उमटली तर बुटांच्या आत पायांची बोटे किंचित उचलून धरावीत, जेणेकरून भार पुढे जाणार नाही, आणि क्लब चेंडूमागे टेकवल्यावर त्याच्या टोकापलीकडे बोटभर अंतरावर जमिनीत एक टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) रोवावी. अर्ध्या स्विंगने मारताना त्या टीला धक्का लागला, तर क्लब अजूनही बाहेर जातो आहे. तेव्हा स्विंग आणखी लहान करून पुन्हा तिथूनच सुरुवात करावी.