विद्युत मोटरच्या प्रवाहाचा अंदाज

मोटर पूर्ण भारावर चालताना पुरवठ्यातून किती अँपिअर प्रवाह घेईल, हे ती जोडण्यापूर्वी गणिताने काढता येते. केबलची जाडी, फ्यूज आणि स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (ठरवलेल्या आकड्याहून जास्त प्रवाह वाहत राहिला की मोटर बंद करणारे साधन) या तिन्हींची निवड त्यावर अवलंबून असते.

विहिरीवरील ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर घेऊ. नेमप्लेटवरची अश्वशक्ती ही शाफ्टवर मिळणारी शक्ती असते, पुरवठ्यातून घेतलेली नव्हे; त्यामुळे ५ × ७४६ = ३,७३० वॅट या आकड्याला कार्यक्षमता (घेतलेल्या शक्तीपैकी शाफ्टवर मिळणारा हिस्सा) आणि शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट व अँपिअरच्या गुणाकारापैकी खऱ्या शक्तीचा हिस्सा) या दोहोंनीही भागावे लागते. दाब ४१५ व्होल्ट, कार्यक्षमता ०.८५ व शक्तिगुणक ०.८० धरल्यास, आणि थ्री-फेजसाठी ३ चे वर्गमूळ १.७३२ घेतल्यास, ३,७३० ÷ (१.७३२ × ४१५ × ०.८५ × ०.८०), म्हणजे सुमारे ७.६ अँपिअर येतात. दोन्ही भाजक विसरले तर उत्तर ५.२ येते, आणि त्यावर बेतलेली केबल बारीक पडते. ‘एचपीला दीड अँपिअर’ हा वायरमनचा ठोकताळा याच गणितातून आलेला असून तो चांगला आहे, मात्र तो या दाबाच्या थ्री-फेज मोटरपुरताच. २३० व्होल्टवरची १ अश्वशक्तीची सिंगल-फेज मोटर सहाच्या आसपास अँपिअर घेते.

प्रत्यक्ष प्रवाह भारानुसार बदलतो, पण भाराच्या प्रमाणात नाही. चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठीच मोटरला बराच प्रवाह लागतो, म्हणून निम्म्या भारावर प्रवाह निम्मा होत नाही. नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपाचे वागणे तर अनेकांना उलटे वाटते: डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की अँपिअर उतरतात, आणि पावसाळ्यानंतर विहीर भरून पाणी वर आले की उपशाची उंची घटते, पंप जास्त पाणी फेकतो व अँपिअर चढतात. लांब लाइनच्या शेवटी दाब ३४० व्होल्टवर आला, तर तेवढ्याच कामासाठी वरील मोटर नऊहून अधिक अँपिअर ओढते. वाइंडिंग जळण्याचे हे एक मोठे कारण आहे. थेट सुरू करताना काही क्षण पाच ते सात पट प्रवाह वाहतो, तो रिलेने सोसायचा असतो.

अंदाज क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने, पडताळावा. मीटरच्या जबड्यात एकच वायर घ्यावी, कारण तिन्ही एकत्र घेतल्यास आकडा जवळजवळ शून्य दिसतो. शक्तिगुणक सुधारण्यासाठी मोटरला कपॅसिटर बसवलेला असेल तर त्याच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला, प्रवाह कमी भरतो, वाइंडिंगमधला मात्र तेवढाच राहतो. म्हणून रिले अलीकडे असल्यास तो या कमी आकड्यावरच लावावा लागतो.