ताकदीचा व्यायाम आणि स्नायुतंतूंचे प्रकार

वजन उचलणे, जोर मारणे, बैठका काढणे असा भाराविरुद्धचा व्यायाम नियमित केल्याने हाडांना जोडलेल्या स्नायूंतील तंतूंची जाडी, त्यांतील मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाचा प्रकार आणि त्यांना कामाला लावणाऱ्या चेतापेशींची कार्यपद्धती यांत होणारे बदल. व्यायामाने मंद तंतूंचे जलद तंतू होतात, असा समज जिममध्ये सर्रास आढळतो. प्रयोगांतून दिसलेले चित्र वेगळे आहे.

माणसाच्या स्नायूंत टाइप १, टाइप २ए आणि टाइप २एक्स असे तीन मुख्य तंतू असतात. ही विभागणी मायोसिनच्या जड साखळीवरून, म्हणजे त्याच्या रेणूतील मोठ्या भागाच्या प्रकारावरून, करतात. टाइप १ सावकाश आकुंचन पावतो. त्यात तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारे पेशीतील सूक्ष्म घटक) आणि मायोग्लोबिन (ऑक्सिजन साठवणारे प्रथिन) भरपूर असतात, भोवती केशवाहिन्या दाट असतात, त्यामुळे तो ऑक्सिजनवर तासन्‌तास काम करू शकतो. २एक्स सर्वांत जलद आणि सर्वांत लवकर थकणारा. त्याची भिस्त मुख्यतः ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूत साठवलेल्या शर्करेवर, असते. २ए या दोहोंच्या मधला: जलद, तरीही बऱ्यापैकी चिवट. एकाच तंतूत दोन प्रकारचे मायोसिन असलेले मिश्र तंतूही सापडतात. जुन्या पुस्तकांत माणसाच्या सर्वांत जलद तंतूला २बी म्हटलेले असते. तो प्रकार उंदरांत आढळतो, माणसाच्या हातापायांच्या स्नायूंत नाही; म्हणून जुने आकडे वाचताना २बीच्या जागी २एक्स समजावे.

प्रत्येक स्नायूत या तंतूंचे प्रमाण निराळे असते. उभे राहताना सतत राबणाऱ्या पोटरीच्या सोलियस स्नायूत टाइप १ चे मोठे बहुमत असते, तर मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत मंद आणि जलद तंतू साधारण निम्मेनिम्मे असतात. माणसामाणसांतही मोठा फरक पडतो. स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये बायोप्सीची (स्नायूचा तुकडा काढण्याची) सुई वापरात आणली, तेव्हापासून जिवंत माणसाच्या मांडीतील लहानसा तुकडा व्यायामापूर्वी आणि नंतर तपासणे सोपे झाले. या विषयातील बहुतेक माहिती अशा तुकड्यांतूनच आली आहे.

या तपासण्यांत पुन्हापुन्हा दिसलेला बदल म्हणजे २एक्सचे २ए होणे. जड वजनांचा व्यायाम सुरू केल्यावर काही आठवड्यांतच २एक्सचे प्रमाण घटू लागते. डेन्मार्कमधील येस्पर अँडरसन आणि पेर ऑगार्ड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण पुरुषांनी तीन महिने जड वजनांचा व्यायाम केला आणि पुढचे तीन महिने तो थांबवला. मांडीच्या स्नायूतील २एक्स मायोसिन व्यायामाच्या काळात सुमारे ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. व्यायाम थांबवल्यावर ते सुमारे १७ टक्क्यांपर्यंत, म्हणजे मूळ पातळीच्याही वर गेले.

सर्वांत जलद तंतू व्यायामाने कमी व्हावेत आणि विश्रांतीने वाढावेत, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला उलटेच वाटते. पण २एक्स ही कामाविना राहिलेल्या स्नायूची दिशा आहे. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या माणसांच्या स्नायूंत कालांतराने टाइप १ घटतात आणि २एक्स वाढतात. तंतूचा प्रकार ठरवण्यात चेतातंतूचा हात किती मोठा आहे, हे बुलर, जॉन एकल्स आणि रोझमंड एकल्स यांनी १९६० मध्ये मांजरांवर दाखवले होते. जलद आणि मंद स्नायूंच्या चेता त्यांनी अदलाबदल करून जोडल्या, तेव्हा जलद स्नायू मंद होऊ लागला. माणूस दिवसभर उभा राहतो, चालतो. त्याच्या टाइप १ तंतूंना मंद गतीचे संदेश अखंड मिळत राहतात. आठवड्यातले थोडे तास वजने उचलून हा प्रवाह बदलत नाही. साध्या ताकदीच्या व्यायामाने टाइप १ चे टाइप २ होतात, याला भक्कम पुरावा नाही.

खरा मोठा बदल जाडीचा आहे. तंतूत आकुंचनशील प्रथिनांची भर पडते आणि तंतूला चिकटून असलेल्या उपग्रह पेशी त्याला नवी केंद्रके पुरवू शकतात. तंतूंची संख्या वाढते, असे माणसात सिद्ध झालेले नाही. जाडी सर्व प्रकारांत वाढते, पण सहसा टाइप २ मध्ये अधिक. म्हणूनच जलद तंतूंचा टक्का तेवढाच राहूनही स्नायूच्या छेदातील त्यांचा वाटा वाढतो, आणि ताकदीच्या दृष्टीने हा वाटाच महत्त्वाचा.

जलद तंतू कामाला कधी लागतात, हे चेतासंस्थेचे अभ्यासक एल्वुड हेनेमन यांनी मांडलेल्या आकार-तत्त्वाने कळते. आधी लहान चेतापेशी आणि त्यांचे मंद तंतू जागे होतात. जोराची गरज वाढेल तसे मोठ्या चेतापेशींचे जलद तंतू सामील होतात. जड वजनाला ते लवकर लागतात. हलक्या वजनाने थकेपर्यंत आवर्तने केली तरी अखेरीस तेही ओढले जातात, आणि अशा व्यायामाने जाडी जड वजनांइतकीच वाढू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. तालमीतल्या लांबलचक बैठकांनी मांड्या भरतात, त्यामागेही हेच तत्त्व असावे. मात्र एकदाच उचलता येणारे कमाल वजन वाढवायचे असेल, तर जड वजनांचा सराव सरस ठरतो. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती बरीचशी चेतासंस्थेच्या सुधारणेमुळे; तंतूंची जाडी नंतर जाणवू लागते.

वाढत्या वयात टाइप २ तंतू अधिक बारीक होतात. तोल सावरायला लागणारा झटपट जोर त्यामुळे कमी पडतो, आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्येष्ठांना नुसते चालायला सांगणे अपुरे आहे. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मध्यभागी स्नायूचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी.