एका बटणाची दोन बटणे: स्वयंपाकघरातील दिव्यांची वेगळी जोडणी

स्वयंपाकघराच्या छतावरील सगळे दिवे एकाच बटणावर असले, की ओट्यापुरता उजेड हवा असतानाही ते सगळे लावावे लागतात. यावर पुष्कळांना सुचणारा उपाय म्हणजे स्विचबोर्डात एकाच्या जागी दोन बटणे बसवणे. पण तेवढ्याने काहीच साधत नाही, कारण दिव्यांची फारकत भिंतीवर नव्हे, तर एका दिव्याची वायर जिथून पुढच्या दिव्याकडे जाते तिथे करावी लागते.

घरातले दिवे समांतर जोडलेले असतात, म्हणजे प्रत्येकाला फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी वायर) यांमधील पूर्ण व्होल्टेज मिळते. बटणातून निघालेली फेज पहिल्या दिव्याला पोहोचते आणि तिथून लूप करून दुसऱ्या, तिसऱ्या दिव्याला नेलेली असते. न्यूट्रल आणि अर्थिंगही तशाच पुढे गेलेल्या असतात. दिव्यांचे दोन गट करायचे असतील, तर गटांच्या सीमेवर फक्त फेजचा लूप तोडावा लागतो आणि दुसऱ्या गटासाठी दुसऱ्या बटणापासून स्वतंत्र वायर आणावी लागते. न्यूट्रल आणि अर्थिंग सामाईकच राहतात. थोडक्यात, प्रश्न एका जादा वायरचा असतो. खरी मेहनत ती वायर छतातून ओढून नेण्यात जाते.

काही घरांत मात्र पुरवठा आधी छतावरील जोडणीपर्यंत येतो आणि तिथून दोनच वायर बटणाकडे उतरतात: एक फेज खाली आणणारी, दुसरी ती बटणातून परत वर नेणारी. अशा बोर्डात न्यूट्रल नसतेच, आणि तिथे न्यूट्रलच्या रंगाची वायर दिसली तरी ती प्रत्यक्षात फेज असू शकते. रंगांचे संकेत देशोदेशी आणि काळानुसार बदललेले असल्यामुळे रंगावर विसंबणे कधीच शहाणपणाचे नसते. एमसीबी, म्हणजे त्या सर्किटची वीज तोडणारा छोटा स्वयंचलित स्विच, बंद केल्यावर वायरमध्ये वीज नाही याची खात्री करावी, आणि त्याआधी व नंतर तोच टेस्टर चालू वायरवर लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाही. अनेक ठिकाणी हे काम परवानाधारक वायरमननेच करावे असा नियम आहे.

भार ही इथे चिंतेची बाब नाही. 10 वॅटचे सहा एलईडी दिवे 230 व्होल्टवर सुमारे पाव ॲम्पियर धारा घेतात. माझ्या मते खरा धोका दुसऱ्या बटणाची फेज जवळच्या वेगळ्या सर्किटवरून घेण्यात आहे. तसे केल्यास धारा एका सर्किटमधून जाते आणि दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परतते. गळतीच्या वेळी वीज तोडणारे उपकरण जाणाऱ्या आणि येणाऱ्या धारेची सतत तुलना करत असते. घरगुती वापरात साधारण 30 मिलिॲम्पियरचा फरक त्याला वीज तोडायला पुरतो. त्यामुळे ते दिवा लावताच वीज तोडू शकते. ते नसेल तर परिस्थिती अधिक वाईट, कारण एक एमसीबी बंद करूनही त्याच बोर्डात जिवंत वायर उरते. बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडणे हीही तितकीच घातक चूक आहे: दिवा विझतो, पण होल्डर फेजवरच राहतो.

एवढे सगळे नीट केल्यावरही कधी कधी एक गट बंद असताना त्यातला एलईडी दिवा अंधुक तेवत राहतो किंवा थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतो. एकाच पाइपातून शेजारीशेजारी गेलेल्या दोन वायर मिळून एक लहानसा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) बनतो आणि चालू वायरमधील प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारे, व्होल्टेज त्यातून बंद वायरमध्ये किंचित धारा ढकलते. दहाएक मीटर लांबीत ती दहा ते शंभर मायक्रोॲम्पियरच्या दरम्यान भरू शकते. जुन्या तंतूच्या बल्बला याचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या आतील परिपथात मात्र ती थेंबाथेंबाने साठते आणि पुरेशी साठली, की दिवा क्षणभर उजळतो. बटणातल्या छोट्या निऑन इंडिकेटरमुळेही असेच होते, म्हणून आधी इंडिकेटर नसलेले बटण लावून पाहावे; तरीही दिवा तेवत राहिला, तर त्यासाठीच बनवलेला छोटा कपॅसिटर दिव्याला समांतर जोडतात, म्हणजे ती धारा दिव्याला वळसा घालून न्यूट्रलकडे जाते.